दोघांची सायकल आणि पेडणे-डिचोलीचे उतार

गोमंतक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे समुद्रकिनारा उभा राहतो. परंतु सावंतवाडीच्या बाजूने पत्रादेवीची सीमा ओलांडून जो प्रवासी पेडणे तालुक्यात शिरतो, त्याला समुद्र दिसण्यापूर्वी सडे दिसतात. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा, सपाट माथ्याचा डोंगर. माथ्यावर गेले असता आपण मैदानावरच आहोत असा भास होतो. आणि मग रस्ता एकाएकी खाली वळतो. पाच-सात मिनिटांत काजूची झाडे मागे पडतात, माड दिसू लागतात, आणि तळाशी नदी, पूल, भाताची मळी आणि हमखास एक तिठा लागतो. मोपाच्या ज्या सड्यावर २०२३ सालच्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली, तो समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरांहून अधिक उंच आहे. तेथून खाली नदीपर्यंत येणाऱ्या वाटेला घाट कोणी म्हणत नाही, तरी सायकलस्वाराला ती घाटाचेच धडे देते.

या मुलखातील उतार सह्याद्रीच्या घाटासारखे लांबलचक नसतात. ते आखूड, तीव्र आणि पुनःपुन्हा येणारे असतात, आणि त्यांच्या तळाशी थांबावे लागतेच. तिठ्यावर बस उभी असते, गुरे रस्त्यात बसलेली असतात, शाळा सुटलेली असते. पहाटे पाव घेऊन हिंडणाऱ्या पदेराला हे पक्के ठाऊक असते. त्याच्या सायकलीवर मागे भलीमोठी टोपली, ब्रेक मात्र जुन्या पद्धतीचे, दांड्यांनी ओढले जाणारे. पावसाळ्यात मोठा उतार आला की तो खाली उतरून सायकल हाती धरून चालू लागतो. त्याच्या या सावधपणात पुष्कळ शास्त्र आहे, हे पुढे दिसेलच.

अशा मुलखात आम्ही दोघांची सायकल चालविण्याचे ठरविले. हिला टँडम म्हणतात. आपल्याकडील ‘डबलसीट’ ती ही नव्हे. डबलसीटला मागचा माणूस ओझे असतो; टँडमवर मागच्यालाही स्वतःचे बैठक, हँडल व पेडल असते, आणि दोघांचे पाय साखळीने एकमेकांशी जोडलेले असतात. वळविणे, गिअर बदलणे आणि ब्रेक लावणे ही कामे पुढच्याकडे. पुढच्याला इंग्रजीत कॅप्टन किंवा पायलट म्हणतात. गोव्यात ‘पायलट’ हा शब्द भाड्याने माणसे नेणाऱ्या मोटारसायकलवाल्याला रूढ आहे, त्यामुळे पेडण्याच्या बाजारात आम्हांला नवे नाव मिळावयास वेळ लागला नाही.

मागच्या बैठकीवर बसणार होते ते आमचे स्नेही गुरुजी. ऐन उमेदीत पेडणे ते डिचोली हा तीस-एक किलोमीटरांचा रस्ता त्यांनी सायकलीने किती वेळा तुडविला याची गणती नाही. आता गेली अकरा वर्षे त्यांना दिसत नाही. डिचोलीत त्यांची थोरली बहीण राहते. तिच्याकडे मोटारीतून जाता येत नव्हते असे नाही. पण मोटारीत बसून रस्ता कळत नाही, असे त्यांचे म्हणणे. दृष्टिहीनांनी टँडम चालविणे ही काही आमची कल्पना नव्हे. पॅरालिम्पिक स्पर्धांत दृष्टिहीनांच्या सायकल शर्यती याच सायकलीवर होतात. पुण्याचे श्री. दिव्यांशु गणात्रा यांनी दृष्टी नसताना २०१६ साली मनालीपासून खारदुंग-ला पर्यंतचा हिमालयातील रस्ता टँडमवरून पुरा केला. तेव्हा गुरुजींना कोणी अडविण्याचे कारण नव्हते. त्यांच्या कन्येने एकच अट घातली. ती म्हणाली, “फादर, बाबांना न्या. पण आधी ब्रेक बघा. उतारावर बाबांचा जीव तुमच्या दोन बोटांत असणार.”

अट रास्त होती. आमची ही सायकल परदेशात राहून परतलेल्या एका कुटुंबाने दिलेली. पोलादी सांगाडा, अॅल्युमिनियमच्या रिमा. पुढे-मागे कँटिलिव्हर जातीचे जुने ब्रेक, आणि त्यांचे रबर वाळून शिंगासारखे टणक झालेले.

आता थोडा हिशेब मांडू. वाचकांनी कंटाळू नये. सायकल बावीस किलो, आम्ही चौऱ्याहत्तर, गुरुजी अडुसष्ट, आणि पिशव्या सहा. एकूण एकशे सत्तर किलो. एकट्याच्या सायकलीच्या जवळजवळ दुप्पट भार, पण चाके दोनच. म्हणजे प्रत्येक ब्रेकवर दुप्पट काम पडते. हे ओझे शंभर मीटर उंचीवरून खाली आणून थांबवावयाचे, तर जी शक्ती खर्ची पडते तिने अर्धा लिटर पाणी घड्याच्या गारव्यापासून उकळीपर्यंत तापेल. दोघांचा चहा व्हावा इतकी उष्णता. काही भाग वारा आणि टायर खातात, उरलेला सारा ब्रेकमध्ये जातो. बरे, वारादेखील येथे पुरता मदतीला येत नाही. भार दुप्पट झाला तरी मागचा माणूस पुढच्याच्या आडोशाला बसलेला असल्यामुळे वाऱ्याचा अडथळा दुप्पट होत नाही. म्हणून टँडम उतारावर एकट्या सायकलीहून वेगाने सुटते. वेग दुप्पट झाला की थांबविण्याचे काम चौपट होते. ताशी तीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरांहून अधिक. पुढे म्हैस आहे हे ध्यानात येऊन बोटे आवळेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर ब्रेकशिवायच संपते.

एक गोष्ट मात्र टँडमच्या बाजूची आहे. एकट्या सायकलीचा पुढचा ब्रेक जोराने दाबला तर मागचे चाक उचलले जाऊन स्वार हँडलावरून पुढे फेकला जाण्याचे भय असते. टँडम लांब असते, मागे एक माणूस बसलेला असतो. ती अशी सहसा उलटत नाही. त्यामुळे पुढचा ब्रेक पुरेपूर वापरता येतो, आणि मागच्या चाकावर भार टिकून राहत असल्याने मागचा ब्रेकही खरे काम करतो. तात्पर्य, चांगले ब्रेक बसविले तर त्यांचा पुरा मोबदला टँडमवर मिळतो.

कोणते ब्रेक बसवावे याविषयी मते पुष्कळ मिळाली. पदेराच्या सायकलीवरील दांड्याचे ब्रेक प्रथमच बाद झाले. त्यात रबर चकचकीत क्रोम चढविलेल्या पोलादी रिमेवर घासते. कोरड्या दिवसांत ते चालते, पण ओल्या क्रोमवर रबराची पकड जवळजवळ नाहीशी होते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा पदेर खाली उतरून चालतो ते उगाच नव्हे. अॅल्युमिनियमची रिम या बाबतीत फार चांगली. तीही ओली असताना पहिले एक-दोन फेरे पाणी पुसण्यात जातात. म्हणून पावसात उतार सुरू होण्याआधीच ब्रेक हलका टेकवून रिम पुसून घ्यावी.

आजकालच्या पोरांच्या तोंडी डिस्क ब्रेकचे नाव असते. चाकाच्या मध्याजवळ पोलादी तबकडी, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारा जबडा. ती चिखलापाण्यापासून दूर असते, रिम झिजवीत नाही, आणि उष्णता टायरपर्यंत जाऊ देत नाही. टँडमसाठी दोनशेतीन मिलिमीटर व्यासाची मोठी तबकडी घेतात. लहान तबकडी लवकर तापते आणि वाकडी होते. नवी टँडम घेणाऱ्याने डिस्कच घ्यावी असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. पण जुन्या सायकलीला ती नुसती आणून लावता येत नाही. जबडा बसविण्यासाठी सांगाड्यावर मजबूत कान लागतात, आणि पुढच्या फोर्कची एक बाजू सारा जोर सोसण्याइतकी जाड असावी लागते. आमच्या सायकलीला यातले काही नव्हते. वेल्डिंग करून कान चिकटवून देतो, असे म्हणणारा एक कारागीर भेटला. त्याचा आत्मविश्वास मोठा होता. परंतु पातळ पोलादी नळीला एका बाजूने डाग देऊन त्यावर दोन माणसांचा भार सोपविणे आमच्या मनाला पटले नाही.

उरला तो मध्यम मार्ग. कँटिलिव्हर ब्रेक ज्या खुंट्यांवर बसतात, त्याच खुंट्यांवर व्ही-ब्रेक बसतो. त्याचे हात लांब, तार आडवी ओढली जाणारी, पकड जोरकस. येथे एक खाचखळगा आहे. व्ही-ब्रेकला लिव्हरने तार अधिक लांब ओढावी लागते. जुनी लिव्हर तशीच ठेवली तर प्रथम ब्रेक भलताच मऊ व जोरदार वाटतो, आणि रबर थोडे झिजले की लिव्हर हँडलाला टेकते, चाक मात्र फिरतच राहते. शहरातील एका दुकानदाराने आम्हांला नेमके हेच करावयाचे सुचविले, लिव्हर बदलणे म्हणजे पैशांचा अपव्यय असेही ऐकविले. आम्ही ब्रेक व लिव्हर एकाच जोडीच्या घेतल्या. उजव्या हाताला पुढचा ब्रेक ठेवला, कारण मोटारसायकलीलाही तो उजवीकडेच असतो आणि घाबरलेला हात सवयीकडे धावतो.

मागच्या ब्रेकची तार हा टँडमचा खास प्रश्न. साध्या सायकलीची तार मागच्या चाकापर्यंत पोचतच नाही. तीन मीटरांची आणावी लागते. तार जितकी लांब आणि तिच्यावरील वेष्टन जितके लवचीक, तितका हाताचा जोर वाटेत विरतो. म्हणून जेथे शक्य तेथे वेष्टन काढून तार सांगाड्याच्या कडेने उघडी, सरळ नेली आणि वळणांवर तेवढे न दबणारे जाड वेष्टन घातले. रबराच्या ठोकळ्यांचीही जात पाहावी लागते. काळ्या, टणक रबरापेक्षा ओल्या हवेत तांबूस रंगाचे रबर अधिक धरते. त्यात लोहाचे ऑक्साइड मिसळलेले असते. डिचोलीची तांबडी माती ज्या द्रव्याने तांबडी, तेच हे द्रव्य. गुरुजींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे डिचोलीच आपणांस थांबविणार!”

आणि आता त्या पेटीची गोष्ट. सायकलीबरोबर खोक्यात एक ओबडधोबड लोखंडी डबा आला होता. वजनदार म्हणून तो भंगारात द्यावा, असा सल्ला आम्हांला मिळाला होता. तो होता जपानी आराई बनावटीचा ड्रम ब्रेक. टँडमच्या मागच्या हबला डाव्या बाजूस आटे असतात, त्यांवर हा पिरगळून बसतो. याचे काम थांबविण्याचे नव्हे, रोखून धरण्याचे. घाट उतरताना ट्रकचा चालक गाडी खालच्या गिअरमध्ये टाकतो आणि इंजिनाकडून तिला रोखतो, पायाचा ब्रेक अडीअडचणीसाठी गार ठेवतो. सायकलीला इंजिन नाही. तिचा खालचा गिअर म्हणजे हा ड्रम. तो रिमेला शिवत नाही, म्हणून लांब उतारावर रिम तापून टायर फुटण्याची भीती उणावते. आणि झाकलेला असल्यामुळे पावसाचा त्याला उपद्रव नाही. बसविताना त्याची एक पट्टी सांगाड्याच्या नळीला घट्ट आवळावी लागते. ती सैल राहिली तर ब्रेक लागताच अख्खा ड्रमच फिरू पाहतो.

ड्रम बसला, आणि खरा वाद सुरू झाला. त्याची लिव्हर कोणाच्या हाती द्यावी?

पुढच्याचे दोन्ही हात दोन ब्रेकांनी अडकलेले. तिसरी लिव्हर मागच्या हँडलावर लावण्याची चाल टँडमवाल्यांत आहे. पण मागचा माणूस न पाहणारा असेल तर? आमच्या ओळखीच्या सुज्ञ माणसांनी एकमुखाने नकार दिला. एका गाडीला दोन सारथी नसावेत. वळणावर त्यांनी भलत्या वेळी ब्रेक ओढला तर चाक घसरेल. असे त्यांचे म्हणणे. गुरुजी सारे ऐकून घेत होते. मग ते शांतपणे म्हणाले, “फादर, अकरा वर्षे मला सर्वजण धरून नेतात. चांगल्या मनाने नेतात. परंतु कोणी ‘थांबू का?’ म्हणून विचारीत नाही.”

आम्ही त्या प्रश्नाकडे भावनेने नव्हे, यंत्राच्या बाजूने पाहिले, आणि उत्तर यंत्रानेच दिले. दोघांच्या भाराखाली असलेले मागचे चाक करकचून अडविण्याइतका जोर त्या ड्रममध्ये नाही. लिव्हर पुरी ओढली तरी सायकल मंदावते, चाक जागच्या जागी थिजत नाही. जो ब्रेक एकट्याने गाडी थांबवू शकत नाही, तोच दुसऱ्याच्या हाती निर्धास्तपणे देता येतो. शिवाय वेग कळावयास डोळेच लागतात असे नाही. वाऱ्याचा कानांतील आवाज, टायरची घरघर, पायांखालचा ओढा, यांवरून गुरुजींना वेग आमच्याइतकाच, कदाचित अधिक बारकाईने कळत होता. ठरले ते असे: ‘धरा’ म्हटले की त्यांनी ओढावयाचे, ‘सोडा’ म्हटले की सोडावयाचे, आणि त्यांना स्वतःला वेग अधिक वाटला तर आमच्या शब्दाची वाट पाहावयाची नाही.

त्यांच्या कन्येसमोर परीक्षा झाली. रिमांवर तांब्याने पाणी ओतले, एका चढाच्या माथ्यावरून सायकल सोडली, आणि चुन्याच्या रेघेपाशी ब्रेक लावून पावलांनी अंतर मोजले. आधी ओले, मग कोरडे. आधी हळू, मग वेगाने. सहाव्या खेपेनंतर तिने मान डोलावली आणि दोन लहान शिट्ट्या आणून आमच्या हाती दिल्या. त्या मात्र वापराव्या लागल्या नाहीत.

सप्टेंबरच्या अखेरीस, पाऊस उघडझाप करीत असता, सकाळी सहाला आम्ही पेडण्याहून निघालो. मालपेच्या बाजूने राष्ट्रीय महामार्गावर आलो. रस्ता आता चौपदरी व प्रशस्त आहे. गुरुजींच्या आठवणीतील वळणांपैकी कित्येक त्यात सरळ झाली. “येथे फणसाचे झाड होते,” असे ते म्हणत, आणि तेथे संरक्षक भिंत असे. धारगळच्या सड्यावर वारा समोरून आला. मग महाखाजनच्या बाजूने कोलवाळच्या पुलाकडे उतार लागला. आम्ही ‘धरा’ म्हणण्यासाठी तोंड उघडले, तोच ड्रमचा धीरगंभीर घुमारा मागून ऐकू आला. त्यांनी आधीच धरला होता. माथ्यावर पेडल हलके झाले त्याच क्षणी त्यांच्या पायांना उतार कळला होता. शापोरा नदीवरचा पूल आम्ही दोन बोटांच्या हलक्या स्पर्शाने गाठला. मनगटांना कसला ताण जाणवला नाही.

थिवीला रेल्वेचे फाटक नव्हे, चहाचे दुकान आम्हांला अडविते झाले. तेथून अस्नोडा, आणि पुढे मुळगावच्या बाजूने डिचोलीचा खाणपट्टा. २०१२ साली खाणींवर बंदी आली, काही काळाने उठली. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने पट्टेच रद्द केले. २०२४ साली डिचोलीत खनिज पुन्हा निघू लागले. खाणी चालतात तेव्हा घरोघरी रोजगार येतो आणि घरोघरी धूळही येते. त्या वादाचा निवाडा येथे करीत नाही. सायकलस्वाराला त्या तांबड्या राड्याचे निराळेच भय असते. ओल्या रिमेवर तो बसला की रबर आणि धातू यांच्यामध्ये कानस फिरावी तशी करकर सुरू होते. गुरुजींनी ती प्रथम ऐकली. आम्ही उतरून पाण्याने रिमा धुतल्या आणि ठोकळ्यांत रुतलेले खडे टाचणीने काढले. दर पावसाळी फेरीनंतर हे करावेच, नाहीतर रिमेला खोल चरे पडतात, ती पातळ होते, आणि एके दिवशी टायरच्या दाबाने तिची कड फाटते.

डिचोलीच्या शेवटच्या उतारावर एक गुरांचा कळप आडवा आला. ‘धरा’, पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक. सायकल सरळ रेषेत, न डगमगता, पहिल्या गाईपासून चांगली चार हात अलीकडे उभी राहिली. “किती आहेत?” गुरुजींनी विचारले. आम्ही सात मोजल्या. घंटांवरून त्यांनी आठ सांगितल्या, आणि आठवी खरोखरच झाडाआड होती.

बहिणीच्या अंगणात पोचल्यावर गुरुजींनी प्रथम वाकून दोन्ही रिमांना हात लावला. त्या कोमट होत्या. मग ओल्या बोटाने ड्रम चाचपला आणि झटकन हात मागे घेतला. पाण्याचा थेंब त्यावर चुरचुरला. त्यांची बहीण दारातूनच ओरडली, “अरे, पोळशील!” गुरुजी हसत होते.

आता त्यांच्या मनात चोर्ल्याचा घाट आहे. साखळीहून पुढे सत्तरीत शिरले की तो लागतो आणि समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटरांवर जातो. तेथील उतार पेडण्यासारखे आखूड नाहीत. तितक्या लांब उतरणीवर ड्रमलाही वाटेत थांबून गार होऊ द्यावे लागेल, आणि मागच्या ठोकळ्यांचे रबर निम्म्याहून अधिक झिजले आहे. नवी जोडी मागविली आहे. ती आली आणि पाऊस सरला, की प्रथम त्यांच्या कन्येला सायकल दाखवू.